उजवीकडची मोकळी जागा

निशिगंधा सबनीसचं कामच असं होतं, की समोरचा माणूस वाट चुकला तरी त्याला वाट दाखवायची नाही.

सिंगापूरच्या हार्बरफ्रंट भागात एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. सात माणसांची कंपनी. वेबसाइट वापरताना लोक कुठे अडखळतात ते शोधून काढायचं, हा त्यांचा धंदा. आणि गिऱ्हाईकं बहुतेक विद्यापीठं. बाहेरून बोलावलेला माणूस संगणकासमोर बसे. 'एम.एस्सी.च्या अर्जाची शेवटची तारीख शोधा', 'वसतिगृहाची खोली बदलायचा फॉर्म शोधा', असलं एकेक काम त्याला दिलं जाई. निशिगंधा त्याच्या डाव्या खांद्यामागे स्टुलावर, हातात पॅड. तो कुठे थांबतो, कुठे मागे फिरतो, कुठे सुस्कारा टाकतो, सगळं टिपायचं. त्याने वळून विचारलंच, 'आता काय करू?' तर उत्तर ठरलेलं होतं: 'मी इथे नसते तर तुम्ही काय केलं असतं?'

हे तिच्या स्वभावाच्या अगदी उलट होतं. पुण्यात ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. मुलं यायची आणि म्हणायची, मॅडम, ते लाल कव्हरचं, पातळसं, लेखक आठवत नाही. निशिगंधा पाच मिनिटांत पुस्तक हातात ठेवायची. २००६ साली नवऱ्याला, अभयला, सिंगापूरच्या एका जहाज कंपनीत नोकरी लागली, आणि तीन वर्षांच्या पूर्वीला कडेवर घेऊन ती नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या डिपेंडंट पासवर इथे आली. बुकित पंजांगला भाड्याचा फ्लॅट. पहिली चार वर्षं घरातच गेली. समोरून उंच रुळांवरून एलआरटी रेल्वेची छोटी गाडी जायची. इमारतीच्या अगदी जवळ आली की गाडीच्या खिडक्या आपोआप दुधासारख्या पांढऱ्या व्हायच्या. आतल्या माणसांना लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून केलेली सोय. इमारत संपली की काचा पुन्हा स्वच्छ. निशिगंधा गॅलरीत कपडे वाळत घालताना ते बघत उभी राहायची. आपल्यासमोर आल्यावर सगळी गाडीच डोळे मिटून घेते, असं तिला वाटायचं.

२०१० मध्ये काम करायची परवानगी मिळाली आणि ती या कंपनीत लागली. मालक प्रकाश. त्याचे आजोबा चेन्नईकडून आलेले, तो स्वतः इथलाच. पहिल्याच आठवड्यात तिने एका गोंधळलेल्या बाईला पडद्यावर बोट दाखवून बटण दाखवलं, तेव्हा प्रकाशने तिला बाजूला घेतलं.

"निशी, तू मदत केलीस तर साइट सुधारणार कशी? ती बाई आज घरी खूश जाईल. उद्या हजार बायका तिथेच अडकतील."

पटण्यासारखंच होतं. तिने ते गाठीशी बांधलं आणि चार वर्षांत ती त्यात इतकी तरबेज झाली, की आपल्या मागे कुणी बसलंय हेच लोक विसरून जात. एकदा एक पोरगा तिच्या देखत नाकात बोट घालून बसला होता.

२०१४ च्या जूनमध्ये एका विद्यापीठाचं काम आलं. त्यांची जुनी वेबसाइट याच कंपनीने आदल्या वर्षी तपासली होती; आता नव्या साइटचा आराखडा तयार होता. दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीन-चार माणसं बोलवायची. या वेळी नजर टिपणारं यंत्रही वापरायचं होतं. पडद्याखाली एक काळी पट्टी बसवतात. माणसाची बुबुळं कुठे वळतात, कुठे किती थांबतात, ते ती पट्टी नोंदवते. मग पानाच्या चित्रावर रंग उमटतो. ओझरती नजर पडली तिथे हिरवा, थोडी रेंगाळली तिथे पिवळा, खिळली तिथे लाल.

पहिल्या सहा जणांचे नकाशे निशिगंधाने एकावर एक ठेवले. बाकी सगळी पानं जशी असायला हवीत तशी होती. 'विद्यार्थी जीवन' या पानावर मात्र उजवीकडे बशीएवढा लालभडक डाग होता.

तिथे काहीच नव्हतं. मजकूर मधे, मेनू डावीकडे, आणि उजवीकडे नुसती पांढरी मोकळी जागा.

"चष्मा," प्रकाश म्हणाला. "काचेवर दिवा चमकला की यंत्र फसतं."

पुढच्या गुरुवारी तिने बिनचष्म्याची माणसं बोलावली. डाग तिथेच. दिवे बदलले, खुर्ची बदलली, पुरवठादाराकडून दुसरी पट्टी आणवली. प्रत्येक माणसाकडून आधी नऊ ठिपके बघवून घेऊन यंत्र जुळवलं. डाग तिथेच. मग तिने आराखडा करणाऱ्याला सांगून ती मोकळी जागा वरून खाली सरकवून घेतली. डागही तिच्या मागोमाग खाली आला.

काम संपल्यावर ती लोकांना सहज विचारल्यासारखं विचारी, "उजवीकडे काय बघत होतात?"

"उजवीकडे? काही नाही."

सगळ्यांचं हेच. फक्त एक मुलगी, सतरा-अठरा वर्षांची, पिशवी खांद्याला अडकवता अडकवता थबकली. "मला वाटलं, तिथे कुणीतरी बसलंय," ती म्हणाली. "नाही का? मग जाऊ दे ला." इथल्या सवयीचा तो 'ला' लावून ती लिफ्टकडे निघूनही गेली.

निशिगंधाने आकडे काढले. नजर त्या जागी सरासरी अडीच सेकंद थांबत होती. तिच्या या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते. बटणावर नजर अर्धा सेकंद थांबते, मथळ्यावर एक. त्याच्यापुढे ती थांबते ती बहुतेक करून माणसाच्या चेहऱ्यावर.

जुलै लागला. वीस माणसं झाली, मग पंचवीस. डाग मोठा होण्याऐवजी रेखीव होत गेला. वर एक लहान गोल. त्याच्या खाली रुंद, जरा पुढे आलेला दुसरा. प्रकाश तिच्या मागे उभा राहून बघत होता.

"बसलेल्या माणसासारखं दिसतंय," तो म्हणाला, आणि आपण हे बोलायला नको होतं असा चेहरा करून कोपी, इथली दाट कॉफी, आणायला खाली गेला. परत आला तो दुसऱ्याच कामाचं बोलत.

निशिगंधाच्या मनात मात्र पाल चुकचुकली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी खोली रिकामी असताना ती स्वतः यंत्रासमोर बसली. नऊ ठिपके बघितले. ते पान उघडलं. उजवीकडे बघायचंच नाही, असं ठरवून तिने डावीकडचा मेनू वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा खालपासून वर वाचला. ओळींवर अक्षरशः बोट ठेवून वाचला. एका मिनिटाने यंत्र थांबवलं आणि नकाशा काढला.

मेनूवर जेमतेम हिरवट झाक होती. उजवीकडे लाल. अकरा सेकंद.

तिने वातानुकूलन बंद केलं, कारण एकाएकी थंडी वाजायला लागली होती. मग स्टूल उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. आपल्या डाव्या खांद्यामागचं ते रिकामं स्टूल तिला नको झालं होतं.

घरी तिने अभयला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यंत्र बिघडलंय. आमच्या जहाजांवर नाही का, कधीकधी रडारवर नसलेली बेटं दिसतात?"

"तुम्ही काय करता मग?"

"बेट असल्यासारखंच वळसा घालतो," अभय म्हणाला, आणि पोळी वाढून घेतली.

पूर्वी समोर बसून वरण-भात कालवत होती. अकरा वर्षांची झाली होती. "आई, why you keep looking there?" तिने विचारलं. निशिगंधाच्या लक्षात आलं, की आपण मघापासून जेवणाच्या टेबलाच्या उजव्या, रिकाम्या खुर्चीकडे बघतोय.

सव्विसावी होती हुई मिन. जन्मापासून दृष्टी नसलेली, विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारी मुलगी. डोळ्यांनी न बघणाऱ्यांनाही साइट वापरता येते का, तेही तपासायचं होतं. नजरेचं यंत्र अर्थातच बंद होतं. हुई मिन कानात इअरफोन अडकवून बसली. संगणक पानावरची प्रत्येक गोष्ट तिला वाचून दाखवत होता, इतक्या भरभर, की निशिगंधाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. हुई मिनची बोटं सराईतपणे चालत होती. 'विद्यार्थी जीवन' पान आलं. ती ऐकत ऐकत पुढे गेली आणि थांबली. एक ओळ मागे गेली. पुन्हा ऐकलं.

"हा मुलगा कोण?" तिने विचारलं.

निशिगंधाला आपल्या हातातलं पेन निसटल्याचा आवाज ऐकू आला. "कुठला मुलगा?"

"हा, पायऱ्यांवर बसलेला."

नियमाप्रमाणे 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारायला हवं होतं. निशिगंधाने नियम मोडला. तिने हुई मिनच्या कानातलं काढून घेतलं, आवाजाचा वेग कमी केला आणि स्वतः ऐकलं. बाईचा सपाट, यांत्रिक आवाज म्हणाला: चित्र. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसलेला विद्यार्थी वर बघतो आहे.

पडद्यावर पांढरी जागा होती.

याचा उलगडा अर्ध्या तासात झाला, आणि अगदी साधा निघाला. वेबसाइटवर चित्र टाकताना त्याच्या पोटात एक ओळ लिहून ठेवतात, न बघू शकणाऱ्यांसाठी. जुन्या साइटवर त्या जागी फोटो होता. कुणीतरी फोटो काढून टाकला, पण त्याची चौकट आणि ती ओळ काढायला विसरलं. नव्या आराखड्यात ती तशीच उतरली. प्रकाशने हुश्श केलं. "बघ! भूतबीत काही नाही. निष्काळजीपणा."

"हुई मिनचं झालं," निशिगंधा म्हणाली. "बाकीच्या पंचवीस जणांचं काय? ती ओळ त्यांना कुठे दिसत होती?"

प्रकाश पुन्हा नकाशाकडे वळला.

आदल्या वर्षीच्या जुन्या साइटची चित्रं त्यांच्याच संगणकात जपून ठेवलेली होती. तिने ते पान उघडलं. उजवीकडे, त्याच जागी, ग्रंथालयाच्या रुंद पायऱ्यांवर एक मुलगा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. पंचविशीचा, किडकिडीत. नुकतीच मान वर केलेली, आणि डोळे थेट बघणाऱ्याकडे. हसत नव्हता. काहीतरी विचारायचंय आणि समोरचा आता सांगेल, असा तो बघत होता. निशिगंधाने अशी नजर शेकडो वेळा पाहिली होती. तिच्या समोरच्या खुर्चीतून वळून बघणाऱ्यांची.

मग तिने आपला जुना अहवाल काढला, फोटो का काढून टाकला गेला ते बघायला. एकोणतिसाव्या पानावर ओळ होती: 'विद्यार्थी जीवन पानावरील उजवीकडचा फोटो नजर खेचतो, कामाला उपयोग नाही. काढून टाकावा.' खाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं होती. तिचीच. तिला ती ओळ लिहिल्याचं आठवतही नव्हतं.

फोटोच्या फाइलचं नाव होतं 'सौमित्र-पायऱ्या-२००९'. मुलाच्या लॅपटॉपच्या झाकणावर एक स्टिकर होतं, देवनागरीतलं. तिने ते मोठं करून वाचलं. 'चालू द्या.'

म्हणजे आपल्यातलाच. तिने अंजलीला फोन लावला. अंजली इथल्या मराठी मंडळाच्या सभासदांची यादी सांभाळायची. सिंगापुरातला मराठी माणूस तिच्या वहीतून सुटत नसे.

"सौमित्र? पेंढारकर असेल. मुलुंडचा. पीएच.डी.ला आला होता, मग सोडली बहुतेक."

"कसा गेला तो?" निशिगंधाने विचारलं.

"गेला? कुठे गेला?" अंजली किंचाळलीच. "अगं, परवा एमआरटीच्या गाडीत भेटला मला! बिशानला राहतो. काय बोलतेस तू?"

निशिगंधाने खुर्चीला मान टेकली आणि डोळे मिटले. तिला हायसं वाटलं, आणि मग लगेच त्याहून वाईट वाटायला लागलं. मेलेला माणूस असता तर ते निदान समजण्यासारखं होतं.

अंजलीने नंबर दिला, आणि शनिवारी सकाळी अकरा वाजता सौमित्र बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, आला. केस विरळ झाले होते, पण ओळखू येत होता. तिने बसायला पकडलेलं टेबल त्याने नाकारलं आणि खांबाला पाठ टेकेल अशा टेबलाशी तिला नेलं.

"सॉरी हं मॅडम. मागे मोकळं असलं की मला बसवत नाही."

"मॅडम नको. आणि तुम्ही..."

"अहोजाहो तुम्हीही नका करू."

कोपी आली. तिने फोटोचं विचारलं. सौमित्रने कपाचा कान धरून तो दोनदा फिरवला.

"तो फोटो काढला ना, त्याच्याआधी तीन दिवस मी त्या पायऱ्यांवर बसून होतो," तो म्हणाला. "माझे गाइड विद्यापीठ सोडून गेले. एका आठवड्यात. मला सांगितलंही नाही. आता कुणाशी बोलायचं, तेच कळेना. वेबसाइटवर शोधायला लागलो. अडचण असल्यास गाइडशी संपर्क साधा, असं लिहिलेलं. गाइडच्या नावावर क्लिक केलं की, हे पान अस्तित्वात नाही. दुसरीकडून गेलो की फिरून पुन्हा तिथेच. तीन दिवस, ताई. एक माणूस सापडला नाही मला त्यात. तिसऱ्या दिवशी एक फोटोग्राफर आला. म्हणाला, 'जरा वर बघ.' मला वाटलं, कुणीतरी आलं."

तो थांबला. बाजूच्या टेबलावर एक म्हातारा नूडल्स खात होता. सौमित्रने त्याच्याकडे एकदा बघून घेतलं.

"महिन्याभरात सोडलं मी. आता गोदामांचं सॉफ्टवेअर करतो, बरं चाललंय. घरी मात्र सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, पीएच.डी. झाली. आणि तो फोटो चार वर्षं तिथेच. काढून टाका म्हणून फॉर्म भरला. दोनदा. तो फॉर्म पुढे जायचाच नाही."

"तो आम्ही काढून टाकायला सांगितला," निशिगंधा म्हणाली. "म्हणजे मी. गेल्या वर्षी."

"ऑगस्टमध्ये."

"तुला कळवलं होतं का?"

"नाही." सौमित्र आता तिच्याकडे बघत होता, तसंच, फोटोतल्यासारखं. "हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल. फोटो होता तोवर मला सारखं वाटायचं, लोक बघतायत. घरात, बाथरूममध्ये, झोपेत. गर्दीत उभं असल्यासारखं. सवय झाली होती. गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी ते एकदम थांबलं. कानातला दडा निघाल्यासारखं. म्हणून मी साइट उघडून बघितली, तर फोटो नव्हता."

"मग?"

"मग दहा महिने छान गेले. आणि जूनपासून पुन्हा सुरू झालं. पण आता गर्दी नाही. एकेक जण येतो. बघतो. दोन-तीन सेकंद, मग जातो. थोड्या वेळाने दुसरा." त्याने आवाज खाली आणला. "आणि रोज नाही. मंगळवारी आणि गुरुवारी. दुपारी."

वर मोठाले पंखे फिरत होते. चार वर्षांची सवय तिला सांगत होती, गप्प बस, टिपून घे, वाट दाखवू नकोस. समोरचा मुलगा मान वर करून बघत होता. तिने सांगून टाकलं. काळी पट्टी, लाल डाग, वरचा गोल आणि खालचा रुंद, हुई मिन, सगळं. एकदा सुरुवात केल्यावर तिला थांबता येईना.

सौमित्रने कप बाजूला सरकवला. मग हसला; कोरडं.

"किती जण?"

"पंचवीस."

"एक शुक्रवारी दुपारी होता. तो संपता संपत नव्हता."

"ती मी होते," निशिगंधा म्हणाली. "अकरा सेकंद."

"काय दिसलं तुम्हाला?"

"काही नाही रे. मी बघतच नव्हते. निदान मला तसं वाटत होतं."

त्याने मान हलवली, जणू हे उत्तर त्याला ठाऊक होतं. कोपी संपवली. उठताना म्हणाला, "रिकामं नका ठेवू तिथे. काहीतरी ठेवा. मला जे सापडत नव्हतं ना, तेच ठेवा."

सोमवारी निशिगंधाने प्रकाशला सांगितलं, की पुढच्या फेरीआधी उजवीकडची ती चौकट, तिच्या पोटातल्या ओळीसकट, उपटून काढायची. आणि त्या जागी एक फोन नंबर घालायचा. 'कुणाशी बोलायचं आहे?' एवढीच ओळ, आणि खाली नंबर. पलीकडे जिवंत माणसाने उचलायचा. प्रकाश म्हणाला, विद्यापीठ ऐकणार नाही. ते माणसं नाही, फॉर्म देतात. निशिगंधा त्याच्याबरोबर बैठकीला गेली. एरवी अशा बैठकीत ती कोपऱ्यात बसून कागद पुढे करायची. त्या दिवशी ती अर्धा तास बोलली. गाइड निघून गेलेल्या मुलाने तीन दिवसांत काय काय उघडून बघितलं, ते तिने क्लिकगणिक दाखवलं. समितीतल्या एका प्रौढ बाईने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "हा मुलगा आता कुठे आहे?"

"बरा आहे," निशिगंधा म्हणाली.

नंबर मंजूर झाला.

ऑगस्टच्या एका मंगळवारी चार नवी माणसं आली. संध्याकाळी तिने नकाशा काढला. नंबरावर हिरवा-पिवळा ठिपका, नंबरावर असतो तसा. अर्धा सेकंद. बाकी पान शांत. तिच्या जिवात जीव आला. सौमित्रचा मेसेज आला, 'आज काही नाही.' त्याखाली त्याने आणखी काही लिहिलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी मात्र त्याचा फोन आला.

"ताई, आज चार वाजता कुणीतरी होतं. एकच जण. पण बराच वेळ."

निशिगंधा प्लॅटफॉर्मवर उभी होती. समोर गाडी आली, दारं उघडली, बंद झाली. ती चढली नाही. चार वाजता जुन्या साइटची चित्रं पुसून टाकायच्या आधी तिने तो फोटो शेवटचा उघडला होता. क्षमा मागावी असं काहीतरी मनात होतं, पण फोटोची कशी मागतात ते तिला माहीत नव्हतं. म्हणून नुसती बघत बसली होती.

"मीच होते," ती म्हणाली. "आता पुसून टाकलाय."

"वाटलंच मला." तो जरा थांबला. "या वेळी भीती नाही वाटली."

अंतिम अहवालात प्रकाशला त्या डागाचं कारण हवं होतं. 'यंत्रातील दोष' असं लिही, म्हणाला. निशिगंधाने लिहिलं, 'कारण सापडलं नाही.' प्रकाशने ते खोडलं. तिने पुन्हा लिहिलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा प्रकाश तिच्या टेबलापाशी आला, ओळ पुन्हा वाचली, आणि परत गेला. ओळ राहिली. गिऱ्हाइकाकडून कुणीही त्याबद्दल विचारलं नाही; एवढं जाड बाड शेवटपर्यंत वाचतो कोण?

तेव्हापासून तिच्या वागण्यात एक फरक पडला, तो ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत होता आणि नवी पोरं त्यावर हसायची. एखाद्या साइटवरून माणसाचा फोटो काढायची सूचना असली, की निशिगंधा आधी विचारायची, हा कोण आहे? त्याला कळवलंय का? कधीकधी या नादात दोन-दोन आठवडे जायचे. आणि स्टुलावर बसून एखाद्याची फारच ससेहोलपट बघितली, की काम आटोपल्यावर, यंत्र बंद करून, ती त्याला लिफ्टपर्यंत सोडायला जायची आणि वाटेत हळूच सांगून टाकायची, की ते बटण कुठे होतं.

सौमित्र त्या डिसेंबरमध्ये मुलुंडला जाऊन आला. परत आल्यावर चकल्यांचा डबा घेऊन बुकित पंजांगला त्यांच्या घरी आला. अभय ऑफिसातून यायचा होता. पूर्वी आत अभ्यास करत होती. निशिगंधाने चहा टाकला.

"सांगितलं घरी," तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून म्हणाला. "पीएच.डी.चं."

"मग? बाबा ओरडले?"

"बाबा दोन दिवस बोलले नाहीत. आई म्हणाली, मला माहीत होतं. म्हटलं, कसं? तर मला आतल्या खोलीत घेऊन गेली. कपाटाच्या दाराला आतून तो फोटो चिकटवलेला. मावसभावाने तेव्हा पाठवलेला, तिने छापून घेतला होता. म्हणाली, हे तोंड काय पीएच.डी. झालेल्याचं आहे होय?"

निशिगंधाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "काढला मग?"

"काढूया म्हटलं होतं मी. ती नाही म्हणाली." सौमित्रने खिडकीबाहेर बघितलं. "ती रोज सकाळी साडी काढायला कपाट उघडते. सातला. म्हणजे इथे साडेनऊ. मी तेव्हा ऑफिसात असतो. पाच वर्षं रोज साडेनऊला उगाच जरा बरं वाटायचं, ते कशामुळे, मला कधी कळलं नव्हतं."

"आणि आता?"

"आता साडेनऊ वाजले की मी खुर्ची जरा नीट करून बसतो," तो म्हणाला. "चहा उतू जातोय, ताई."